रशियन बोलताना जीभ घसरू नये म्हणून: साध्या शब्दांचे वाकडे अर्थ

‘स्कोल्का स्तोइत?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ तोच प्रश्न ‘स्कोल्का स्तईत?’ असा विचारला तर ‘किती वेळ उभं राहतं?’ असा अर्थ होतो, आणि काय उभं राहतं ते भाजीवाल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. लिहिताना दोन्ही शब्द सारखेच. फरक फक्त जोर कुठल्या अक्षरावर दिला याचा.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून एमबीबीएससाठी रशियाला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. वर्गात शिकवणं इंग्रजीत असलं तरी बाजार, होस्टेलचं गेट आणि पुढे वॉर्डातला पेशंट, हे सगळे रशियनच बोलतात. पहिल्या वर्षाच्या भाषेच्या तासाला व्याकरण पक्कं करून घेतात, पण कुठला सभ्य शब्द कुठे असभ्य होतो हे कुठलीच बाई फळ्यावर लिहून देत नाही. जळगाव स्टेशनवरून अजिंठ्याला परदेशी पाहुणे नेणाऱ्या ड्रायव्हर-गाइड मंडळींनाही यातलं निम्मं कामाला येईल.

वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या. इथे रशियन शब्द देवनागरीत दिलेत आणि शक्यतो जोराचं अक्षर दीर्घ लिहिलंय. ‘ख़’ खाली नुक्ता असेल तर तो आपला ‘खडू’तला ख नव्हे, घशात घासून काढलेला आवाज आहे, उर्दू ‘ख़बर’मधला. शिव्या मुद्दाम पूर्ण लिहिलेल्या नाहीत. कळायला हव्यात तेवढ्या कळतील.

आधी जोर आणि घसा

रशियनमध्ये जोर कुठे पडतो याचा नियम नाही, आणि तो वर्तमानपत्रात, पाटीवर, मेसेजमध्ये कुठेच छापलेला नसतो. फक्त शब्दकोशात, पाठ्यपुस्तकात आणि लहान मुलांच्या पुस्तकात अक्षरावर बारीक रेघ असते. त्यात जोर नसलेला ‘ओ’ ‘अ’सारखा उच्चारतात. म्हणूनच वरच्या उदाहरणात एकदा ‘स्तो’ आणि एकदा ‘स्त’ झालं.

रोज लागणारं दुसरं उदाहरण: ‘पिसात्’ म्हणजे लिहिणे, ‘पीसत्’ म्हणजे मुतणे. ‘मी लिहितो’ हे ‘या पिशू’. नवशिका नियम लावून ‘या पीसायु’ करतो, कारण बऱ्याच क्रियापदांना शेवटी ‘-आयु’ लागतं. वर्गात वही पुढे धरून हे म्हटलं की मागचा बाक गडगडतो. म्हणून या क्रियापदाचा मूळ शब्द पाठ करू नका. ‘या पिशू, ती पीशिश, ऑन पीशित’ (मी, तू, तो) हीच रूपं पाठ करा, त्यांत ‘श’ आहे. ‘श’ ऐकू आला की लिहिणंच असतं.

आता घसा. रशियनमध्ये वाळलेल्याला, कोरड्याला ‘सुख़ोय’ म्हणतात. नाशिकजवळ ओझरला जी सुखोई विमानं जोडली गेली, त्या आडनावाचा शब्दही हाच. आपल्या ‘सुका’चा हा लांबचा भाऊ. पण घसा न वापरता साधा ‘क’ काढून ‘सूका’ म्हटलं तर ती कुत्री झाली, आणि ती शिवीच. कुत्र्यांच्या प्रदर्शनात किंवा जनावरांच्या डॉक्टरकडे ‘सूका, 3 वर्षं’ असं लिहिलेलं असतं, तिथे कुणाला काही वाटत नाही. रस्त्यावर तोच शब्द भांडण लावतो. टॉवेल वाळला सांगताना, कोरडा खोकला सांगताना, ड्राय वाइन मागताना ‘ख़’ घासूनच आला पाहिजे. सराव असा करा: ‘ख’ म्हणताना जीभ टाळूला टेकवायचीच नाही, फक्त हवा घासू द्यायची, आरशावर वाफ सोडतो तशी पण जरा घशातून.

झाकणाचे शब्द

रशियन शिवराळ भाषेला ‘मात’ म्हणतात. बुद्धिबळातल्या ‘शाख़ ई मात’मधला आणि व्यायामशाळेतल्या गादीचा ‘मात’ही उच्चाराला असाच, त्यामुळे बुद्धिबळ खेळणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. या ‘मात’चा गाभा चार मुळांवर उभा आहे. पुरुषाचं इंद्रिय, स्त्रीचं इंद्रिय, संभोगाची क्रिया आणि बदफैली बाई. 2013 साली रशियाच्या माध्यम-नियंत्रक खात्याने वर्तमानपत्रांसाठी छापायला बंदी असलेल्या शब्दांची व्याख्या केली, तीही या चार मुळांवर आणि त्यांच्या पिलावळीवर. 2014 च्या 1 जुलैपासून सिनेमा, नाटक आणि कार्यक्रमांनाही बंदी लागू झाली.

बंदी असो नसो, माणसाला राग येतोच. मग आपण जसं ‘आयला’, ‘च्यायला’ म्हणून मूळ शिवी अर्ध्यावर गिळतो, तसं रशियन माणूस त्याच अक्षराने सुरू होणारा निरागस शब्द पुढे करतो. ‘ब’च्या शिवीऐवजी ‘ब्लिन’. ब्लिन म्हणजे पातळ घावन, मास्लेनित्सा या सणाच्या आठवड्यात घरोघर होतो. ‘ब्लिन, बस गेली!’ हे अगदी आपलं ‘आयला, बस गेली!’ शाळकरी मुलंही बोलतात. तरी प्राध्यापक, पेशंट किंवा होस्टेलची कमिन्दान्त (व्यवस्थापक बाई) यांच्यासमोर नको. खायचे असतील तर अनेकवचन वापरा, ‘ब्लिनी’. एकट्या ‘ब्लिन’वर जोर देऊन थांबलात की ते चिडणं होतं.

‘ख़’च्या शिवीची दोन झाकणं आहेत. एक ‘ख़्येर’, जे जुन्या रशियन वर्णमालेत ‘ख़’ या अक्षराचंच नाव होतं. फुलीसारख्या दिसणाऱ्या त्या अक्षरावरून ‘खोडून टाकणे’ याला ‘पख़्येरित्’ हा शब्द आला. आज मात्र ते ऐकून कुणाला वर्णमाला आठवत नाही, ते सरळ घाण समजलं जातं. दुसरं झाकण ‘ख़्रेन’. हे एक तिखट मूळ, किसून मांसासोबत खातात, नाकात झिणझिण्या आणतं. दुकानात लहान काचेच्या बाटलीत मिळतं आणि लेबलवर मोठ्या अक्षरांत तेच नाव असतं, त्यात काहीच गैर नाही. उरल आणि सायबेरियात टोमॅटो, लसूण आणि हे मूळ वाटून करतात त्या चटणीला ‘ख़्रिनोविना’ म्हणतात. खानदेशी माणसाला ठेच्याची आठवण करून देणारी चीज आहे, जरूर मागा. पण हाच शब्द ‘फालतू गोष्ट, भंगार’ या अर्थानेही चालतो, तेव्हा कुणाच्या प्रेझेंटेशनबद्दल वापरू नका.

‘ख़्रेन’ कुठे चटणी आणि कुठे शिवी, हे त्याच्या शेजाऱ्यावरून ओळखायचं. आधी ‘नी’, ‘ना’ किंवा ‘पा’ लागला (‘नी ख़्रेना’, ‘ना ख़्रेन’, ‘पा ख़्रेनु’) की तो शिव्यांच्या घरातला. ‘स्तारिय ख़्रेन’ म्हणजे ‘थेरडा’, किंचित घाणेरड्या छटेचा. उलट ‘ख़्रेन र्येत्की नि स्लाश्ये’, म्हणजे हे मूळ काही मुळ्यापेक्षा गोड नाही, दोन्ही सारखेच वाईट, ही म्हण आजीही नातवासमोर म्हणते.

‘फ़ीगा’ हेही तसंच झाकण, सगळ्यात सौम्य. पण त्याच नावाची एक खूण आहे, ती सौम्य नाही. मूठ मिटून अंगठा पहिल्या दोन बोटांच्या मधून बाहेर काढला की ‘घे, काही मिळणार नाही’ असं तोंडावर सांगणं होतं. आपल्याकडे लहान मुलाला ‘तुझं नाक घेतलं’ करून दाखवतात तीच मूठ. रशियन बाळाशी खेळताना एक वेळ चालेल, त्याच्या बापाकडे वळवू नका.

बाजारात

अंडी म्हणजे ‘याय्त्सा’. आपल्याकडे ‘गोट्या’ या शब्दाचं जे होतं तेच तिकडे याचं होतं. ‘ऊ वास येस्त् याय्त्सा?’ हे व्याकरणाने शंभर टक्के बरोबर वाक्य पुरुष विक्रेत्याला विचारलं, तर शेजारचा विक्रेता त्याच्या वतीने उत्तर देतो. रशियात अंडी डझनावर नाही, दहाच्या हिशेबाने विकतात. त्यामुळे सोपा उपाय आहे, प्रश्नच विचारायचा नाही, माप सांगायचं: ‘दिस्यातक यईत्स, पझालस्ता’, दहा अंडी द्या. माप आलं की वाकडा अर्थ गळून पडतो. खोक्यावर रशियन ‘स’ आणि आकडा असतो. स-0 मोठं, साधारण 65 ते 75 ग्रॅमचं. स-1 मधलं, 55 ते 65 ग्रॅम. स-2 त्याहून लहान. तळलेल्या अंड्याला ‘यईश्नित्सा’ म्हणा, ते बिनधास्त.

इंग्रजी येणाऱ्यांची खास फजिती ‘प्रिझर्वेटिव्ह’ने होते. ‘याच्यात प्रिझर्वेटिव्ह आहे का?’ म्हणून ‘प्रिज़िर्वतीफ़’ विचारलात तर तुम्ही दह्यात निरोध आहे का असं विचारलं. अन्न टिकवायच्या रसायनाला ‘कन्सिर्वान्त’ म्हणतात. लोणच्याच्या बरणीबद्दल कस्टमवाल्याने विचारलं तर ‘ब्येस कन्सिर्वान्तफ़’, रसायन नाही, एवढंच.

रंगांत एकच गोष्ट जपा. आपल्या निळ्यासाठी रशियनमध्ये दोन वेगळे रंग आहेत, गडद तो ‘सीनी’ आणि आकाशी तो ‘गलुबोय’. आकाश, डोळे, शर्ट ‘गलुबोय’ असू शकतात. माणूस ‘गलुबोय’ म्हटला की तो समलिंगी म्हणून हिणवणं झालं. शर्टवाल्या मित्राकडे बोट दाखवून ‘तो निळा’ असं तोडकं वाक्य बनवायचं नाही. ‘गलुबाया रुबाश्का’, निळा शर्ट, असं वस्तूचं नाव जोडा. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या पोराला ‘प्येरेत्स’ (मिरची, मिरी) हा शब्द आवडेल. दोस्तांत ‘भारी माणूस’ अशा अर्थाने चालतो.

‘तुला’ने होणारा घोटाळा

ही चूक मराठी माणूस इतरांपेक्षा जास्त करतो, म्हणून इथे जरा थांबतो. आपण ‘तुला पाठवतो’ म्हणतो. त्यात फाइल तुझ्याकडे पाठवायची आहे की तुलाच कुठे धाडायचं आहे, दोन्हींना ‘तुला’ एकच. रशियन हे दोन ‘तुला’ वेगळे ठेवतं. तुझ्याकडे काही पाठवायचं तर ‘तिब्ये’, आदराने ‘वाम’. तुलाच धाडायचं तर ‘तिब्या’, आदराने ‘वास’.

आता ‘पाठवतो’ म्हणजे ‘पश्ल्यू’. माणसाला पाठवणं, आणि कुठे ते न सांगता, याचा बोलीतला अर्थ एकच: वरच्या ‘ख़’च्या शिवीकडे, म्हणजे त्या तीन अक्षरी जागी, जा म्हणून सांगणं. म्हणजे ‘या वाम पश्ल्यू फ़ाइल’ हे ‘मी तुम्हाला फाइल पाठवतो’, आणि ‘या वास पश्ल्यू’ हे ‘मी तुम्हाला शिवी हासडतो’. प्रोफेसरबाईंना असाइनमेंटबद्दल सांगताना म आणि स यातलं अंतर एवढंच आहे. दोन गोष्टी करा. पहिली, या कामासाठी ‘पश्ल्यू’ टाकूनच द्या, ‘अत्प्राव्ल्यु’ वापरा, ते फाइल-पार्सलचं क्रियापद आहे आणि त्याला वाकडी छटा चिकटलेली नाही. दुसरी, वस्तूचं नाव गाळू नका. मराठीत ‘पाठवतो हां’ म्हणून सुटतं, रशियनमध्ये फाइल, फोटो, पैसे, काय ते म्हणा.

याच घरातली आणखी रूपं:

‘ख़चू तिब्या’ म्हणजे ‘मला तू हवी/हवा आहेस’, अंथरुणातल्या अर्थाने. ‘तू यायला हवास’ म्हणायचं तर ‘ख़चू, श्तोबी…’ लावून पूर्ण वाक्य करावं लागतं. मध्येच अडलात तर ‘तिब्या’ म्हणून थांबू नका, ‘ख़चू’वरच थांबा.

‘स्न्यात्’ म्हणजे काढणे, भाड्याने घेणे, फोटो काढणे, आणि मुलगी पटवून नेणे. फ्लॅटबद्दल चालतं. वाटेतल्या मुलीला ‘तुमचा फोटो काढू?’ विचारताना नको. ‘मोझ्ना वास स्फ़तग्रफ़ीरवत्?’ हे लांबलचक पण सुरक्षित आहे.

‘दात्’ म्हणजे देणे. पेन दे, नोट्स दे, चार्जर दे, सगळं ठीक. ‘तिने दिलं’ एवढंच म्हटलं आणि काय ते सांगितलं नाही, तर ऐकणारा स्वतःच भर घालतो.

सगळीकडे रोग एक आणि औषध एक. शब्द एकटा सोडला की बिघडतो, सोबत वस्तू किंवा माप दिलं की सरळ चालतो.

परीक्षा आणि होस्टेल

पेपर लिहून झाला, हात वर केला आणि मुलगा म्हणाला ‘या कोन्चिल’. शब्दकोशात ‘कोन्चित्’ म्हणजे ‘संपवणे’ असंच दिलंय, पण माणसाच्या तोंडी कर्म नसलेलं ‘कोन्चिल’ म्हणजे वीर्यस्खलन झालं. बरोबर शब्द ‘या ज़कोन्चिल’, मुलीने ‘ज़कोन्चिला’. त्याहून सोपं ‘या फ़्स्यो’, माझं झालं. रशियन मुलं हेच म्हणतात. वस्तू संपली तर मात्र तेच क्रियापद शेवटी ‘-स्या’ लावून निर्मळ होतं: ‘चाय कोन्चिल्स्या’, चहा संपला.

रूममेटबद्दल ‘मी याच्यासोबत झोपतो’ असं शब्दशः करू नका. ‘आम्ही एका खोलीत राहतो’ म्हणा: ‘मि झिव्योम व अद्नोय कोम्नते’. मासिक पासला ‘म्येसिच्निय प्रयिज़्द्नोय’ म्हणतात. त्यातलं दुसरं पद गाळून अनेकवचन केलं, ‘म्येसिच्निये’, तर ती मासिक पाळी.

अनोळखी मोठ्या माणसाला ‘ती’ (तू) म्हणणं हा तिथे उर्मटपणाच. आपण आईला, आजीला जीव लावून ‘तू’ म्हणतो, तो हिशेब गेटवरच्या वाख़्त्योरशाला (पहारेकरणीला) लागू होत नाही. तिला ‘वी’च (तुम्ही). तरुण बाईला हाक मारायची तर ‘द्येवुश्का’, तरुण पुरुषाला ‘मलदोय चिलव्येक’.

जनावरं

गुराढोरांत वाढलेल्याला गंमत वाटेल, पण रशियन जनावरांची नावं माणसाला लावताना पायरी-पायरीने बिघडतात. ‘करोवा’ (गाय) म्हणजे जाडी, धांदरट बाई. ‘त्योल्का’ (कालवड) म्हणजे ‘माल’ या चालीचा शब्द, मुलं आपसात वापरतात, मुलीसमोर वापरला तर मैत्री तिथेच संपते. ‘कज़ा’ (शेळी) सौम्य, खोडकर पोरीला घरातही म्हणतात. तिचाच नर ‘कज़्योल’ (बोकड) मात्र पुरुषासाठी जबर शिवी. तुरुंगाच्या बोलीत कारागृहाच्या अधिकाऱ्यांना मदत करणाऱ्या कैद्याला तो शब्द होता, तिथून त्याला आणखी धार आली.

आणि ‘पितूख़’, कोंबडा. चिनी वर्षाचा कोंबडा, अंगणातला कोंबडा, चित्रातला कोंबडा, सगळे चालतात. माणसाला कोंबडा म्हणणं ही तुरुंगातली सर्वांत खालच्या पायरीवर ढकलणारी शिवी आहे. त्या जगात त्यावरून जीव गेलेत. ‘सकाळी कोंबड्यासारखा ओरडतोस’ हा आपला विनोद तिकडे करायचाच नाही, दोस्तालाही नाही.

‘मचीत्’ म्हणजे पाण्यात भिजवणे. भिजवून आंबवलेली सफरचंदं, ‘मच्योनिये याब्लाकी’, बाजारात मिळतात. पण गुंडांच्या बोलीत ‘खलास करणे’. 1999 च्या सप्टेंबरात तेव्हा पंतप्रधान असलेले पुतिन अतिरेक्यांबद्दल बोलताना त्यांना संडासातसुद्धा ‘मचीत्’ करू म्हणाले, आणि तेव्हापासून हा शब्द बातम्यांतही आला.

वॉर्डात

इथे उलटा धोका आहे. जे शब्द बाहेर ऐकून हसू येतं, तेच वॉर्डात अधिकृत असतात, आणि हसला तो विद्यार्थी नापास.

‘च्लेन’ म्हणजे सदस्य. ‘च्लेन सिम्यी’ म्हणजे कुटुंबातला माणूस, कागदपत्रांवर हेच लिहितात. एकटा ‘च्लेन’ म्हणजे लिंग, आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात ते ‘पलवोय च्लेन’ असं पूर्ण येतं. तोंडी परीक्षेत पूर्णच म्हणा. वृषणाला ‘यईच्का’, म्हणजे खरं तर छोटं अंडं, आणि अंडाशयाला ‘यईच्निक’. मराठीतही आपण अंडाशयच म्हणतो, त्यामुळे लक्षात राहायला सोपं. नाश्त्याचं ‘यईश्नित्सा’ आणि हा ‘यईच्निक’ यांत ‘श’ आणि ‘च’चा फरक आहे, तेवढा जपा.

‘स्तूल’ म्हणजे खुर्ची. डॉक्टरांनी ‘काक स्तूल?’ विचारलं की ते शौचाबद्दल विचारतायत, बसायची सोय विचारत नाहीत. ‘ऊत्का’ म्हणजे बदक, वॉर्डात मात्र लघवीचं भांडं. ‘सूद्ना’ म्हणजे जहाज, वॉर्डात बेडपॅन. सिस्टरने बदक आणायला पाठवलं तर खिडकीबाहेर बघू नका.

‘राक’ हा सर्वांत नाजूक. त्याचा अर्थ खेकड्याच्या जातीचा नदीतला प्राणी, आणि कर्करोगही. मराठी-संस्कृतातला कर्कही तोच खेकडा. ‘ऑन बल्येयेत राकम’, त्याला कॅन्सर आहे, हे शुद्ध. पण ‘राकम’ला ‘उभं राहा’ जोडलं तर ती गुडघ्या-कोपरांवर ओणवं होण्याची स्थिती, अश्लील भाषेत. गुदाच्या तपासणीसाठी पेशंटला तीच स्थिती घ्यायला सांगायची असते, आणि तिचं सभ्य नाव आहे ‘कल्येन्ना-लक्तिवोये पलझेनिये’. जिभेला वळत नसेल तर शब्द सोडा, हाताने दाखवा. मराठी विद्यार्थ्याने तोडकं ‘राकम, पझालस्ता’ म्हणणं पेशंट सहज विसरत नाही.

लघवीला मोठ्या पेशंटसमोर ‘मचीत्सा’, तपासणीच्या नमुन्याला ‘मचा’. वर सांगितलेलं ‘पीसत्’ फक्त लहान मुलांसाठी.

आपले शब्द त्यांच्या कानाला

हे सहसा कुणी सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर घरी बोलताना शेजारचा रशियन मुलगा दचकतो किंवा फिसकन हसतो, त्याची कारणं अशी.

‘काका’ हा त्यांचा लहान मुलांचा शब्द, ‘शी’ या अर्थाने. ‘काकू’ तर त्याचंच द्वितीयेचं रूप. म्हणजे घरी काका-काकूंची चौकशी करताना तुम्ही त्यांच्या कानाला भलतंच बोलत असता. ‘बाबा’ म्हणजे बाई, गावंढळ आणि थोडं हलक्यात घेणारं. ‘दादा’ म्हणजे ‘हो-हो’. ‘मामा’ म्हणजे आई. यात घाण नाही, फक्त गोंधळ. ‘झोपा आता!’ हे आपलं रोजचं वाक्य त्यांच्या ‘ढुंगण’ या शब्दाशी जवळजवळ जुळतं. उच्चार अगदी तोच नाही, पण कान पकडतो. ‘सुका मेवा’चं वर आलंच. आणि हिंदी बोलणाऱ्या रूममेटशी ‘क्या हुआ?’, ‘देर हुई’ म्हणताना ‘हुआ-हुई’ हे त्या तीन अक्षरी शब्दाच्या रूपांसारखे ऐकू येतात. मेट्रोत, लायब्ररीत हे मोठ्याने नको. एकदा शेजाऱ्याला सांगून टाका की आमच्या भाषेत हे काका म्हणजे चुलते, मग तोच पुढे दुसऱ्यांना समजावतो.

शब्द तपासायचा कसा

नवा शब्द ऐकला आणि शंका आली की क्रम असा ठेवा. आधी एकभाषी रशियन शब्दकोश बघा. ग्रामोता.रू हे संकेतस्थळ फुकट आहे, त्यात जोरही दाखवतात. अर्थाच्या आधी येणारी खूण वाचा: ‘रज़्ग’ म्हणजे बोलीतला, चालतो. ‘प्रस्त’ म्हणजे गावठी, जपून. ‘ग्रूब’ म्हणजे असभ्य. ‘ब्रान’ म्हणजे शिवी. ‘झार्ग’ म्हणजे टोळीची बोली. शेवटच्या तिन्हींपैकी काही दिसलं तर तो शब्द फक्त ऐकायचा, बोलायचा नाही. मग यांडेक्स या रशियन सर्च इंजिनवर त्या शब्दाची चित्रं शोधा. ‘ख़्रेन’ टाकलं तर मुळं दिसतील, वाकडा अर्थ वरचढ असेल तर चित्रंच सांगतात. भाषांतराच्या अॅपवर भिस्त ठेवू नका. ते अर्थ देतं, पण शब्द कुठल्या थरातला आहे हे बहुतेकदा सांगत नाही, आणि रोमन लिपीत दाखवलेल्या उच्चारात जोर कुठे आहे ते कळत नाही. स्पीकरचं बटण दाबून ऐका.

होस्टेलच्या दोस्तांकडून ‘मात’ शिकायची हौस सगळ्यांनाच असते. ऐकून समजणं उपयोगाचं आहे, भांडण कुठे वळतंय ते कळतं. बोलणं वेगळं. परदेशी माणसाच्या तोंडून ती शिवी एकतर विनोदी वाटते नाहीतर दुप्पट लागते, आणि कुठली लागेल हे बोलणाऱ्याच्या हातात नसतं. शिवाय सार्वजनिक ठिकाणी शिवीगाळ हा रशियाच्या प्रशासकीय गुन्ह्यांच्या संहितेत कलम 20.1 खाली किरकोळ गुंडगिरी ठरू शकतो. दंड 500 ते 1,000 रूबल किंवा 15 दिवसांपर्यंत अटक. रक्कम क्षुल्लक वाटेल, पण विद्यार्थी व्हिसावर असताना नावावर अशी नोंद नको.

चूक झालीच तर हसण्यावारी नेऊ नका, आणि तोच शब्द पुन्हा म्हणून ‘मला हे म्हणायचं नव्हतं’ असं समजावतही बसू नका, त्याने तो आणखी दोनदा उच्चारला जातो. ‘इज़विनीत्ये, या प्लोख़ा गवर्यू पा-रूस्की’, माफ करा, मला रशियन नीट येत नाही, एवढं म्हणा आणि मग वस्तूकडे बोट दाखवा, नाहीतर माप सांगा.